तहान लागण्याआधीची विहीर : शाळेतल्या मुलांना ‘तोडगे’ कसे शिकवावेत

चौथीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. अर्ध्या तासापूर्वी त्याने भर वर्गात कंपासपेटी भिरकावली होती. मी विचारलं, “आपण श्वासाचा खेळ शिकलो होतो ना रे?” तो म्हणाला, “ताई, मला सगळं येतं. बोटांवरून श्वास घ्यायचा, पाचपर्यंत जायचं. पण तेव्हा आठवतच नाही.”

शाळेत नव्याने समुपदेशक म्हणून रुजू झालेल्यांना मी आधी हे वाक्य ऐकवते. खेळांची वानवा नसते. साबणाचे फुगे, चमकीची बाटली, भावनांचे चेहरे, सगळं महिनाभरात जमवता येतं. अडतं ते पुढे. आपल्या खोलीत शहाण्यासारखं वागणारं मूल मधल्या सुट्टीत पहिला धक्का बसताच सगळं विसरून जातं. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, तसं संतापलेल्या मुलाला त्याच क्षणी शांत व्हायला शिकवता येत नाही. म्हणून पुढचे सगळे खेळ मूल निवांत असताना खेळायचे आहेत, आणि एकदा नव्हे, पंधरा-वीसदा.

‘कोपिंग स्किल्स’ (ताणाला तोंड देण्याची कौशल्यं) हा शब्द मुलांसमोर मी वापरत नाही. मी ‘तोडगे’ म्हणते. “तुझ्याकडे रागावर कोणते तोडगे आहेत?” असं विचारलं की दुसरीतलं पोरही उत्तर देतं.

खेळांना हात घालण्याआधी

पहिल्या भेटीत गोपनीयतेचं बोलून घ्या, मुलाच्या भाषेत. मी साधारण असं सांगते : “तू इथे जे बोलशील ते मी कुणाला सांगत सुटणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तुला स्वतःला दुखवावंसं वाटत असेल, किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर ते माझ्या एकटीपाशी ठेवता येणार नाही. मग कुणाला सांगायचं ते मी आधी तुला सांगेन.” हे मुलाकडून त्याच्या शब्दांत परत म्हणून घ्या. नुसतं ‘हो’ म्हणालं म्हणजे कळलं असं नसतं.

मग मूल अस्वस्थ आहे ते कशाने, हे शोधा. रोज मधल्या सुट्टीत तीन मोठी मुलं ज्याचं दप्तर हिसकावतात त्याला खोल श्वास शिकवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिथे आधी ती तीन मुलं थांबवायला हवीत. नव्या समुपदेशकाचा पाय इथे घसरतो असं मी अनेकदा पाहिलंय, माझाही घसरला होता. शिक्षक म्हणतात “हा फार चिडतो, त्याला जरा शांत करा”, आणि आपण उत्साहाने फुगे काढतो. त्याच्या चिडण्याला कारण आहे का, हे विचारायचं राहून जातं.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे मांडले : जिथे अडचण सोडवता येते तिथे अडचणीला भिडणं, आणि जिथे सोडवता येत नाही तिथे आपल्या भावनेला सांभाळणं. मुलांसाठी याचा खेळ सोपा आहे. जमिनीवर दोन रिंगणं टाका, एक ‘माझ्या हातात’, दुसरं ‘माझ्या हाताबाहेर’. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा : उद्या गणिताची परीक्षा आहे, आजी वारली, मैत्रीण दुसरीच्या शेजारी बसली, आई-बाबा भांडतात, गृहपाठ राहिलाय. मूल चिठ्ठी योग्य वाटेल त्या रिंगणात ठेवतं. थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतं, “ही मध्ये पाहिजे, थोडी हातात आहे.” मग रिंगणं एकमेकांवर सरकवून मधली जागा करायची. आई-बाबांचं भांडण कितीतरी मुलं ‘माझ्या हातात’ टाकतात. ते पाहून घाईने दुरुस्त करू नका. का तिथे टाकलं ते विचारा, त्या एका चिठ्ठीवर पूर्ण तास गेला तरी चालेल.

पहिली पायरी : आत काय चाललंय ते ओळखणं

जमिनीवर चिकटपट्टीने एक लांब रेघ काढा, शून्य ते पाच आकडे टाका. शून्य म्हणजे निवांत, पाच म्हणजे स्फोट. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने मोठ्यांसाठी अस्वस्थतेची शून्य ते शंभर अशी मोजपट्टी वापरली होती. मुलांना शंभर फार होतात. पाच पुरे.

प्रसंग सांगा आणि मुलाला त्या आकड्यावर जाऊन उभं राहू द्या. “वहीवर पाणी सांडलं.” “तुझी पाळी असताना कुणीतरी मध्ये घुसलं.” चिडकं म्हणून नाव पडलेलं मूल सुरुवातीला दोनच जागा ओळखतं, शून्य आणि पाच. मधलं त्याला दिसतच नाही. आपलं खरं काम दोन आणि तीन शोधण्याचं, कारण तोडगा चालतो तो तिथेच. पाचवर पोचलेल्या मुलाला काहीही सुचत नाही, मोठ्या माणसालाही सुचत नाही.

मधले आकडे सापडायला शरीर मदत करतं, आणि इथे आपली भाषा हाताशी आहे. मोठ्या कागदावर मुलाला झोपवून त्याच्या अंगाची बाह्यरेषा काढा. मग चिठ्ठ्या द्या : पोटात गोळा येणं, छातीत धडधडणं, घशाला कोरड पडणं, कानशिलं तापणं, हातपाय गळणं, डोक्यात तिडीक जाणं, तळपायाची आग मस्तकात जाणं, डोळे भरून येणं. कुठली चिठ्ठी कुठे चिकटते? तुला यातलं काय होतं, आणि कितव्या आकड्यावर? मराठीत भावना अंगाच्या भाषेतच सांगितल्या जातात, त्यामुळे ‘तुला कसं वाटतं?’ या प्रश्नाला खांदे उडवणारं मूलही ‘पोटात गोळा’ कुठे येतो ते बोटाने दाखवतं. एक सहावीतली मुलगी बराच वेळ चिठ्ठ्या हातात घेऊन बसली होती. शेवटी तिने एकही चिकटवली नाही, पेन्सिल घेतली आणि कागदावरच्या मुलीच्या पायाची बोटं आत वळलेली काढली. “मला तीनवर असं होतं. बुटात. कुणाला दिसत नाही.” पुढे कित्येक महिने तिच्याशी बोलताना आमचा सांकेतिक प्रश्न होता, “बोटं वळली का?”

शब्दांचाही एक खेळ घ्या. रागाचे शब्द कार्डांवर लिहून मुलांना चढत्या क्रमाने लावायला सांगा : कुरकुर, चिडचिड, वैताग, राग, संताप. पुढच्या वेळी दुःखाचे : हिरमुसणं, खट्टू होणं, उदास होणं, कोसळणं. भीतीचे : हुरहुर, घालमेल, धास्ती, धडकी. क्रमावरून गटात कडाक्याची भांडणं होतात (वैताग मोठा की चिडचिड, यावर एका वर्गाने वीस मिनिटं घालवली), आणि ती व्हावीत. शब्द सापडण्याचा उपयोग नुसता भाषेपुरता नाही. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होताना दिसली. धोक्याची घंटा वाजवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. ‘मी वैतागलोय’ एवढं म्हणता येणं हाही एक तोडगाच.

दुसरी पायरी : अंग शांत करणं

धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. हे वर्णन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास केलं आणि आजही मुलांना समजावायला तेच बरं पडतं. हृदय जोरात चालतं, श्वास वरवरचा होतो, स्नायू ताठतात. वाघ आला तर उत्तम सोय. पण शेजारच्याने खोडरबर घेतला तर तेवढी सज्जता लागत नसते.

श्वासाचा उपयोग का होतो ते स्वतः नीट समजून घ्या, म्हणजे शिकवताना चूक होणार नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून महत्त्व आहे ते सावकाश सोडण्याला. “मोठ्ठा श्वास घे!” असं सांगितलं की मुलं खांदे वर करून भराभर हवा ओढतात, आणि चार-पाच वेळा तसं केलं की चक्कर येते. मी ‘घे’ म्हणतच नाही, ‘हळू सोड’ म्हणते. घेतला आपोआप जातो.

साबणाचे फुगे याचसाठी नामी आहेत. जोरात फुंकलं की फुगा फुटतो किंवा बारके बारके उडतात. एकच मोठा फुगा काढायचा तर श्वास संथ आणि लांब सोडावा लागतो. मुलाला काहीही समजावू नका, फक्त म्हणा, “सगळ्यात मोठा कुणाचा?” दोन-तीन भेटींनंतर नुसत्या हवेत, साबणाशिवाय, काल्पनिक फुगा. कारण वर्गात साबणाचं पाणी कुठून येणार?

वर्गात चालणारा प्रकार म्हणजे पंज्यावरचा श्वास. एका हाताची बोटं पसरायची, दुसऱ्या हाताच्या तर्जनीने अंगठ्याच्या बाहेरून वर चढताना श्वास घ्यायचा, आतून उतरताना सोडायचा. उतरताना वेग निम्मा. पाच बोटांना अर्धा-पाऊण मिनिट लागतं. बाकाखाली करता येतो, कुणाला कळत नाही. पाचवीच्या वरच्या मुलांसाठी ही गोष्ट फार मोठी. चारचौघांत ‘शांत होण्याचा व्यायाम’ करण्यापेक्षा ती चिडलेली राहणं पसंत करतील.

काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. दम्याच्या मुलांच्या बाबतीत विशेष जपा. त्यांच्यासाठी पाच-चार-तीन-दोन-एक : दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वास येणाऱ्या दोन, चवीची एक. वासाच्या पायरीवर मुलं हमखास हसतात, हसू द्या. डोळे मिटायची सक्ती कुठल्याच खेळात नको. ज्या मुलाने काही भयंकर सोसलंय त्याला डोळे मिटल्यावर तेच दिसू शकतं. “डोळे मीट, नाहीतर जमिनीवर एक ठिपका शोध” असं म्हटलं की काम भागतं.

स्नायू ताणून सैल सोडण्याची पद्धत एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. मुलांसाठी तिचं ‘ओला रुमाल’ करा. हातात ओला रुमाल आहे असं समजून पाच सेकंद घट्ट पिळायचा, मग झटकून हात लोंबकळत सोडायचे. खांदे कानापर्यंत, मग सोड. पाय जमिनीत रोवायचे, मग सोड. सैल सोडण्याला ताणण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. मजा ताणण्यात असते, त्यामुळे मुलं ते लांबवतात आणि सैल सोडणं उरकून टाकतात.

लहानग्यांसाठी, साधारण आठ वर्षांपर्यंत, कासव. १९७० च्या दशकात मार्लीन श्नायडर आणि आर्थर रॉबिन यांनी ही पद्धत मांडली आणि अजून ती टिकून आहे. राग आल्याचं कळलं की थांबायचं, हात अंगाशी घेऊन कवचात शिरायचं, आत तीन संथ श्वास, आणि मग बाहेर येऊन आता काय करायचं ते ठरवायचं. चौथा भाग गाळू नका. पुष्कळ ठिकाणी मुलांना कवचात जायला शिकवतात, बाहेर येऊन काय करायचं ते नाही. मग कासव म्हणजे तोंड लपवायची जागा होते. बाहुली घेऊन कासवाची गोष्ट सांगा, मग तुम्ही स्वतः कासव व्हा. मोठ्या माणसाला टेबलाशेजारी कवचात शिरताना पाहिलं की पहिलीतली मुलं पुढचा तास तेच करत बसतात.

चमकीच्या बाटलीबद्दल जरा खरं बोलते. जाड प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्यायची (काच नको, ती फेकली जाते), कोमट पाणी, थोडा पारदर्शक गोंद, चमकी. गोंद जितका जास्त, तितकी चमकी हळू बसते. एक-दोन मिनिटांत बसेल इतपत जमवा आणि झाकण चिकटवून टाका. दिसायला सुरेख, प्रत्येक समुपदेशकाच्या कपाटात असते. पण ती काही शिकवत नाही. ती घड्याळ आहे. “ती खाली बसेपर्यंत आपण काही बोलायचं नाही” एवढ्यापुरती वापरा.

आणि उशीला गुद्दे मारायला लावू नका. ‘राग बाहेर पडला की मन हलकं होतं’ ही समजूत शिक्षकांत आणि पालकांत घट्ट आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत गुद्दे मारायची पिशवी बडवायला दिली. शेवटी सर्वांत जास्त रागावलेले तेच आढळले. ज्यांनी काहीच केलं नाही, नुसते बसून राहिले, ते त्यांच्यापेक्षा शांत होते. हातापायांत शिवशिवणाऱ्या मुलाला हालचाल हवी असते हे खरं. त्याला भिंत ढकलायला सांगा, पुस्तकांचा गठ्ठा एका खोलीतून दुसरीत न्यायला सांगा, जिना चढउतार करू द्या. फक्त त्यात कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा नाही.

तिसरी पायरी : डोक्यातली बडबड

ही पायरी तिसरी-चौथीपासून पुढे. त्याआधी विचार आणि भावना वेगळ्या करणं मुलांना जड जातं.

सुरुवात एका खेळाने. “अर्धा मिनिट कशाचाही विचार करा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा करायचा नाही. आलं मनात की टाळी वाजवा.” खोलीत टाळ्यांचा पाऊस पडतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये असाच प्रयोग घंटी देऊन केला होता. या हसण्यातून एक गोष्ट मुलांना कायमची कळते : ‘विचार करू नकोस’ असं सांगून विचार जात नाही. आपल्यालाही कळायला हवी, कारण “जाऊ दे, मनावर घेऊ नकोस” हे आपलंच आवडतं वाक्य.

मग विचाराचं करायचं काय? त्याची उलटतपासणी. गुप्तहेराची वही करा, दोन रकाने : खरं असल्याचा पुरावा, खरं नसल्याचा पुरावा. एक मुलगा म्हणायचा, “सगळे मला हसतात.” मी विचारलं, “सगळे म्हणजे कोण कोण? बोटं मोज.” त्याने एक बोट काढलं, दुसरं काढलं, तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबला आणि ते बोट परत मिटलं. “दोन. पण ते जोरात हसतात.” दोन जण जोरात हसतात, ही अडचण खरी आहे आणि सोडवता येण्यासारखी आहे. ‘सगळे’ला उत्तर नसतं.

उलटतपासणीनंतर येणारं नवं वाक्य मुलाला पटणारं हवं. “मी खूप हुशार आहे” असं आरशासमोर म्हणायला लावणं मला फारसं पटत नाही. ज्याला भागाकार जमत नाही त्याला आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. “भागाकार अजून जमत नाही, पहिली पायरी जमते” हे मात्र तो स्वतःला सांगू शकतो.

स्वतःशी बोलणं शिकवण्याचा एक ठरलेला क्रम आहे, मायकेनबॉम आणि गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांसाठी वापरलेला. अवघड ठोकळ्यांचा मनोरा किंवा चित्रकोडं घ्या. आधी तुम्ही मोठ्याने बोलत करा : “पडला. वैताग आला. थांब, खालचा ठोकळा सरळ आहे का बघू.” मग मूल करेल आणि तुम्ही बोलाल. मग मूल करेल आणि तेच मोठ्याने बोलेल. मग पुटपुटत. मग मनात. तुमच्या हातून मनोरा मुद्दाम पाडा, आणि तुमचा वैताग खरा वाटू द्या.

काळजीची पेटीही चालते : काळजी लिहायची, पेटीत टाकायची आणि रोज ठरलेल्या दहा मिनिटांतच काढायची. पण पेटी कोण उघडतं, चिठ्ठ्या कोण वाचतं, हे पहिल्याच दिवशी सांगा. मी एकदा सांगायला विसरले होते. शिक्षकांनी वाचलं असेल असं एका मुलीला वाटलं, आणि तिने तीन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलं.

चौथी पायरी : तालीम

कंपासपेटीवाल्या मुलाचं घोडं इथे अडलं होतं, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. तोडगा शून्यावर शिकला जातो, लागतो तीनवर. मधला पूल बांधायला तीन-चार आठवडे तरी ठेवा.

माझं आवडतं साधन सापशिडी. नियम एकच वाढवायचा : साप चावला की खाली उतरण्याआधी आपला आकडा सांगायचा, एक लांब श्वास सोडायचा, मग सोंगटी हलवायची. शिडी मिळाली तरी आकडा सांगायचा, कारण हुरळून जाणंही सांभाळावं लागतं. इथे राग नाटकातला नसतो. अठ्ठ्याण्णववरून खाली येताना डोळ्यांत पाणी येतंच. पण तो दोन-तीनचा राग असतो, पाचचा नाही, म्हणजे तालमीला अगदी नेमका. पहिल्या दिवशी मुलं खोटे आकडे सांगतात, “शून्य! मला काही वाटत नाही!” आणि फासा दणकन आपटतात. तेव्हा मी फक्त म्हणते, “फाशाने तीन सांगितलं.” तुमच्या सोंगटीला साप चावला की तुम्हीही आकडा सांगा. खरा.

मग चिडवण्याची तालीम. मूल स्वतः दिग्दर्शक. “तो काय म्हणतो? कसं म्हणतो? मी म्हणू?” वाक्य त्याने निवडायचं, सगळ्यात लागणारं वाक्य पहिल्यांदा घ्यायचं नाही, आणि त्याने हात वर केला की मी त्या क्षणी थांबायचं. आधी ते वाक्य सपाट आवाजात म्हणा, मग थोडं चढवा. आकडा तीनच्या वर गेला तर पुढे जाऊ नका.

तालमीतून जे जमलं ते ‘जर-तर’ वाक्यात बांधा. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेलं असं की नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशी प्रसंगाला बांधलेली योजना अमलात येण्याची शक्यता जास्त. ‘मी रागावणार नाही’ ही योजना नाही. ‘कुणी माझ्या वस्तूला हात लावला, तर मी दोन्ही हात बाकाखाली घालून पंजा मोजेन’ ही आहे. वाक्यात ‘नाही’ आलं की परत लिहायला लावा. आणि योजना एकच. मुलं उत्साहाने पाच लिहितात, आठवत एकही नाही.

गटात घेणार असाल तर सहा ते आठ मुलं पुरेत, आणि सगळी रागीट एकत्र घेऊ नका. बंडखोर किशोरांना एकत्र बसवलं की ती एकमेकांना शाबासकी देत आणखी बिघडू शकतात, असा इशारा १९९९ मध्येच संशोधकांनी दिला आहे. दोन चिडकी, दोन अबोल, दोन अशी जी सहज सांभाळून घेतात, असा मेळ बसवा.

पाचवी पायरी : खोलीबाहेर

वर्गशिक्षकांशी बोलल्याशिवाय वरचं सगळं फुकट. त्यांच्याकडून तीनच गोष्टी मागा, जास्त मागितल्या तर एकही मिळत नाही. पहिली, ठरलेली खूण : मुलाने बाकावर निळं खोडरबर उभं केलं की त्याला दोन मिनिटं प्रश्न विचारायचा नाही. दुसरी, “शांत हो!” ऐवजी “कितीवर आहेस?” तिसरी, तोडगा वापरताना दिसलं तर नंतर एकट्याला हळूच सांगायचं, “पाहिलं मी.” सगळ्यांसमोर कौतुक केलं तर मोठी मुलं पुन्हा तोडगा वापरणार नाहीत.

वर्गात शांत कोपरा करणार असाल तर तो शिक्षेचा कोपरा होऊ देऊ नका. मूल स्वतःहून जातं, पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटतं, परत येतं. “जा, तिकडे जाऊन बस!” असं एकदा जरी कुणी ओरडलं तरी पोरं तिकडे फिरकत नाहीत. आणि गणिताच्या तासालाच रोज कोपरा लागत असेल तर दुखणं गणिताचं आहे, ते वेगळं बघा.

काही गोष्टी खेळांच्या पलीकडच्या असतात. मूल मरण्याबद्दल किंवा स्वतःला दुखवण्याबद्दल बोललं, अंगावर न सांगता येणारे वळ दिसले, आठवडा-दोन आठवडे खाणं-झोप-खेळणं सुटलं, तर फुगे आणि सापशिडी बाजूला ठेवा. स्वतःला इजा करण्याचं मनात येतं का, हे थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटं सोडू नका, शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगा आणि तज्ज्ञांकडे पोचवा. मात्र घरातल्याच माणसाकडून इजा होत असल्याचा संशय असेल, तर आधी त्याच घरी फोन करू नका.

राहिली नोंद. ‘राग किती वेळा आला’ हे मोजू नका, राग येणारच. सावरायला किती वेळ लागला आणि तोडगा आठवला का, हे मोजा. रडणं वीस मिनिटांवरून बारावर आलं तर ते यश आहे, वर्गात कुणाला दिसलं नाही तरी.

कंपासपेटीवाल्या मुलाला मी दोन रकान्यांचा तक्ता करून दिला होता : ‘आठवलं’ आणि ‘नाही आठवलं’. पहिल्या आठवड्यात सगळ्या रेघा दुसऱ्या रकान्यात. दुसऱ्या आठवड्यात तो तक्ता घेऊन आला तेव्हा मध्ये पेन्सिलने आणखी एक उभी रेघ मारलेली होती आणि वर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उशिरा आठवलं’. त्याखाली तीन रेघा. “ढकलून झालं होतं, ताई. पण मग आठवलं. मग मी दुसऱ्यांदा नाही ढकललं.” तेव्हापासून मी सगळ्यांचे तक्ते तीन रकान्यांचेच आखते.